एका कलाविद्यार्थ्याची वही

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. मुंबईच्या एका कला-महाविद्यालयांत तो चित्रकला शिकत होता, आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमांतलें त्याचें शेवटचें वर्ष चालू होतें. सोबत त्यानें कागदांची एक मोठी सुरळी आणि काळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही आणली होती. चहा झाल्यावर त्यानें ती वही माझ्यापुढें सरकविली व म्हणाला, "सर, ही तुमच्यापाशीं असूं द्या. मला आतां हिचा उपयोग नाहीं."

मीं कारण विचारलें. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "कॉलेज सोडावें म्हणतों. तालुक्याला फ्लेक्सचे फलक छापणाऱ्या एका दुकानदारानें काम देऊं केलें आहे. दरमहा पगार मिळेल. घरीं कर्ज आहे. आणि खरें सांगूं का सर, तिकडे तीन वर्षें मीं नुसतीं सबमिशनें केलीं. आपलें म्हणावें असें चित्र एकहि काढलें नाहीं."

'सबमिशन' हा शब्द हल्लीं कलेच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं फार. शिक्षकांनीं नेमून दिलेलें काम नेमल्या दिवशीं पुरें करून त्यांच्या स्वाधीन करावयाचें, त्याला हें नांव आहे. इतकीं रेखाटनें, इतकीं वस्तुचित्रें, इतके ठसे; दिवस ठरलेला, संख्या ठरलेली, गुणहि ठरलेले. ह्या रहाटगाडग्यांत आपल्या मनांतलें चित्र काढावयाचें केव्हां, हा त्या मुलाचा प्रश्न होता. तो त्याच्या एकट्याचा नाहीं. गाणें शिकणाऱ्या, लेखन करूं पाहणाऱ्या, किंबहुना कोणतीहि विद्या गुरूपाशीं बसून शिकणाऱ्या प्रत्येकाला तो केव्हां ना केव्हां पडतोच. नेमून दिलेलें काम आणि आपलें काम ह्यांचें नातें काय? तीं एकमेकांचीं वैरी आहेत काय?

मीं त्याला त्या दिवशीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. मी मॅट्रिक झालेला, पुढें चित्रकला-शिक्षकाची सनद घेऊन खेड्यांतल्या शाळेंत हयात घालविलेला मनुष्य; महाविद्यालयांतल्या कलाशिक्षणाची मला माहिती ती ऐकीवच. "वही वाचूं का?" एवढेंच मीं विचारलें. त्यानें मान हालविली. त्या रात्रीं मीं ती वही अथपासून इतिपर्यंत वाचली. तिच्यांतल्या कांहीं गोष्टी आज त्याच्या अनुमतीनें मी आपणांस सांगणार आहें. तिच्यांत एक पान माझ्याविषयींहि आहे. तें मी शेवटाकडे सांगेन. कारण तें सांगावयास मला थोडें धैर्य गोळा करावें लागणार आहे.

वहीच्या पहिल्या पानांवर नुसता त्रागा आहे. पहिल्या वर्षीं त्या मुलांपुढें पांढऱ्या चादरीवर पांढऱ्याच वस्तू मांडून ठेवल्या होत्या: एक चिनीमातीची बशी, एक अंडें आणि प्लास्टरचा एक घन. तें सारें जलरंगांत काढावयाचें, पण पेटींतल्या पांढऱ्या रंगाला हात लावावयाचा नाहीं, अशी अट. पांढरेपणा दाखवावयाचा तो भोंवतालच्या छायांनीं. ह्या एका चित्राला अकरा दिवस लागले. तिसऱ्या दिवशीं त्यानें लिहिलें आहे, 'घरून फोन आला. वडील विचारतात, मुंबईला काय शिकतोस? काय सांगूं, अंडें काढतों म्हणून?' आठव्या दिवशीं मात्र सूर पालटतो. 'आज चादरीच्या घडींत निळा दिसला. अंड्याच्या खालच्या अंगाला चादरीचा उजेड उलटून लागतो. तेथें सांवली असूनहि ती उजळ आहे. हें काल नव्हतें काय? होतें. मला दिसत नव्हतें.' पुढें मे महिन्याच्या सुटींत तो गांवीं आला, तेव्हांची नोंद अशी आहे: 'आमच्या घराची चुन्याची भिंत दिवस मावळतांना जांभळी होते. अठरा वर्षें तिला पाठ टेकून जेवलों. आज दिसली.'

अकरा दिवस अंडें काढण्याचें हें फळ. गवयाच्या घरीं शिष्य पहाटे उठून षड्ज लावून बसतो. त्याला कोणी मैफल म्हणत नाहीं. पण तो ज्यानें लावला नाहीं त्याची मैफल पहिल्या दहा मिनिटांत उघडी पडते. नेमून दिलेल्या कामाचा पहिला उपयोग हा असा आहे. आपण होऊन ज्या वस्तूकडे आपण दुसऱ्यांदा पाहिलें नसतें, तिच्याकडे तें आपल्याला अकरा दिवस पाहावयास लावतें.

हा वाद आजचा नाहीं. सर जमशेटजी जीजीभॉय ह्यांनीं दिलेल्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून मुंबईस १८५७ सालीं कलाशाळा निघाली, तिच्या बाल्यापासून तो चालत आला आहे. तेथें आपल्या मुलांपुढें ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृति ठेवून रेखाटन शिकवीत. परक्या देवतांचीं नाकें-डोळे घोटून ह्या मुलांच्या हातीं काय लागणार, अशी टीका पुढें पुष्कळ झाली, आणि ती अगदींच निराधार नव्हती. परंतु त्या शाळेच्या इतिहासांत तीन गोष्टी अशा आहेत कीं, नेमून दिलेल्या कामाविषयीं बोलतांना त्या विसरून चालणार नाहीं.

पहिली गोष्ट बोरीबंदरची. आज ज्याला आपण छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतों, त्या स्थानकाच्या इमारतीचें बांधकाम १८७८ सालीं सुरू झालें व सुमारें दहा वर्षें चाललें. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्या वास्तुशिल्पज्ञाचा. परंतु तिच्या कमानींवर, खांबांच्या माथ्यांवर आणि भिंतींवर जीं पानें, फुलें, पशु आणि पक्षी दिसतात, त्या अलंकरणाच्या कामांत कलाशाळेंतल्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. तें काम वरून आलेलें होतें. विषय दिलेला, जागा दिलेली, माप दिलेलें. कोणत्या पानाखालीं कोणाचें नांव, हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. २००४ सालीं ती इमारत जागतिक वारशाच्या यादींत गेली. लाखों माणसें रोज तिच्याखालून गाडी पकडावयास धांवतात. पण मान वर करून पाहणाऱ्याला अजूनहि कळतें कीं, हें पान कोरणाऱ्यानें खरें पान हातांत घेऊन पाहिलें होतें.

दुसरी गोष्ट अजिंठ्याची. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जाऊं लागले. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचें तें काम मध्यें खंड पडून १८८५ पर्यंत चाललें. त्यांच्या आधीं रॉबर्ट गिल नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें वर्षानुवर्षें तेथें राहून नकला केल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळून गेल्या होत्या. दैवाची गंमत पाहा. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनीं केलेल्या नकलाहि लंडनला गेल्या, आणि १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला लागलेल्या आगींत त्यांतल्याहि पुष्कळशा भस्मसात् झाल्या. ग्रिफिथ्सनीं १८९६-९७ सालीं दोन खंडांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळें त्या परिश्रमाची कांहीं खूण तरी जगापुढें राहिली.

इतक्या वर्षांची मेहनत वायां गेली, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. त्या विद्यार्थ्यांपैकीं पेस्तनजी बोमनजी हे पुढें नामांकित चित्रकार झाले. पारशी घरांतली माणसें, त्यांची शांत वृद्ध मंडळी, त्यांचे नित्याचे व्यवहार त्यांनीं अशा जिव्हाळ्यानें रंगविले कीं, अजिंठ्याचा त्यांत मागमूसहि दिसत नाहीं. पण लेण्यांतल्या अंधुक उजेडांत महिनेच्या महिने एकेका रेषेचा माग काढणाऱ्या डोळ्याला जी संवय लागते, ती कोणत्या आगींत जळणार? जळाले ते कापडाचे पट. डोळा शाबूत राहिला.

माझा विद्यार्थीहि सहलीबरोबर अजिंठ्यास जाऊन आला होता. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत पद्मपाणीसमोर तो उभा राहिला, पण मागून गर्दी रेटीत होती. त्यानें बाहेर येऊन झाडाखालीं बसून आठवणीनें तें मुख काढून पाहिलें. 'भुंवई आठवली. ओठ आठवले. पापणी खालीं झुकली आहे हें आठवलें, पण किती, तें आठवेना. पुन्हां आंत गेलों, नुसती पापणी पाहून आलों. असें पांच वेळां.' त्याच पानावर त्यानें टिपून ठेवलें आहे कीं, अजिंठ्याची भिंत म्हणजे खडकावर भुसा वगैरे घालून मळलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, काजळी अशा साध्या रंगांनीं केलेलें काम. खालीं एक ओळ आहे: 'हें सामान आमच्या गांवांतहि मिळतें.' मला ही ओळ फार आवडली.

तिसरी गोष्ट गणपतराव म्हात्र्यांची. ते कलाशाळेंत शिकत असतांना, वय विशीच्या आसपास असेल, त्यांनीं १८९६ च्या सुमारास प्लास्टरची एक पूर्णाकृति मूर्ति घडविली. नऊवारी लुगडें नेसून, पूजेचें साहित्य हातीं घेऊन देवळाकडे निघालेली एक तरुणी. 'मंदिरपथगामिनी' ह्या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तिची कीर्ति विलायतेपर्यंत गेली. तिकडे बंगाल्यांत रवींद्रनाथांनीं तिच्यावर कौतुकाचा लेख लिहिला. आतां विचार करा. ज्या वर्गांत ग्रीक मूर्तींच्या प्रतिकृति घोटून घेत, त्याच वर्गांत ह्या मुलाचा हात तयार झाला. वस्त्राखालीं शरीराचा भार एका पायावर कसा येतो, चुणी कोठून निघून कोठें विरते, हें त्याला त्या परक्या मूर्तींनीं शिकविलें. पण मंदिराच्या वाटेवरची ती स्त्री त्याला कोणी नेमून दिलेली नव्हती. ती त्यानें आपल्या भोंवतीं पाहिली होती. हात शाळेनें दिला. दृष्टि जेथें वळली ती जागा त्याची स्वतःची होती.

म्हणजे नेमलेलें काम आणि आपलें काम हीं वैरी नव्हेत, असा निकाल देऊन मला येथेंच थांबतां आलें असतें. परंतु त्या वहींत दुसरी बाजूहि आहे, आणि ती लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल.

दुसऱ्या वर्षीं त्यांना दरमहा शंभर रेखाटनें करून द्यावयाचीं होतीं. बाजारांत, बागेंत, स्थानकावर जाऊन, प्रत्यक्ष पाहून. पहिला महिना उत्साहाचा गेला. दुसऱ्या महिन्यांत बाकीचीं कामें अंगावर आलीं. तिसऱ्या महिन्यांत शेवटच्या दोन रात्रीं जागून, भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचीं छायाचित्रें पाहून, त्यानें शंभराचा आंकडा पुरा केला. वसतिगृहांतलीं बहुतेक मुलें तसेंच करीत. त्याच्या शिक्षकांनीं तो गठ्ठा चाळला आणि एकच वाक्य बोलले: "ह्यांतल्या एकाहि माणसाचे पाय जमिनीला लागलेले नाहींत." गुण मात्र त्यांनीं दिले, कारण संख्या पुरी होती. वहींत लिहिलें आहे, 'त्यांनीं गुण कापले असते तर बरें झालें असतें.'

श्रोतेहो, ह्या ठिकाणीं नेमलेलें काम खोटें होतें. काम नेमलें हा दोष नव्हे. तें मोजतां येतें म्हणून आपण तें मोजूं लागतों, आणि मोजतां मोजतां कशासाठीं नेमलें होतें तें विसरतों. हें विसरणें विद्यार्थ्याकडून होतें तसें शिक्षकाकडूनहि होतें.

त्या वाक्यानें मुलगा खजील झाला. पुढच्या महिन्यापासून तो रात्रीं बोरीबंदरच्या स्थानकावर जाऊन बसूं लागला. लांबच्या गाडीची वाट पाहत फलाटाबाहेरच्या दालनांत माणसें चादरी अंथरून पडलेलीं असतात. निजलेला माणूस हालत नाहीं, म्हणून प्रथम सोय पाहून त्यानें त्यांना निवडलें, हें त्यानें प्रांजळपणें कबूल केलें आहे. 'आज एक कुटुंब. बाप ट्रंकेला टेकून जागा. आई, तीन मुलें निजलेलीं. बापाचा एक हात मोठ्या मुलाच्या घोट्यावर. हात सैल आहे, पण सुटलेला नाहीं.' मग पुढें: 'हात काढावयास चाळीस मिनिटें लागलीं. गाडी लागली, तीं उठून गेलीं. जमिनीवर चादरीच्या मापाचा कोरडा चौकोन राहिला. तोहि काढला.' त्या महिन्यांत त्याचीं शंभर भरलीं नाहींत, एकसष्टच झालीं. पण मीं तीं पाहिलीं आहेत. त्यांतलें प्रत्येक माणूस जमिनीवर आहे. त्याचें वजन जमिनीला कळतें आहे. आणि त्यांच्या डोक्यावर, दगडांत, त्याच्याच वयाच्या मुलांनीं सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं कोरलेलीं पानें आहेत.

आतां तें पान.

चौथ्या वर्षाच्या आरंभीं त्यांना सांगण्यांत आलें कीं, अंतिम प्रकल्पाचा विषय ज्याचा त्यानें निवडावा. तीन वर्षें ज्या मोकळीकीसाठीं तो तळमळत होता, ती एका वाक्यांत मिळाली, आणि तो कोरड्या कागदापुढें सोळा दिवस बसून राहिला. काय काढूं, हेंच कळेना. शोधतां शोधतां तो आपल्या आठवणींत मागें मागें गेला आहे, आणि शेवटीं इयत्ता आठवीपाशीं थांबला आहे.

शासनाच्या रेखाकला परीक्षा आपणांस ठाऊकच आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्यांत वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिति व अक्षरलेखन ह्यांबरोबर स्मरणचित्राचा एक पेपर असतो. जत्रा, बाजार, बसस्थानक असा एखादा विषय देतात. पाहिलेलें आठवून काढावें, ही त्यामागची कल्पना मोठी सुंदर आहे. पण ह्या परीक्षांच्या श्रेणीवर शालान्त परीक्षेंत वाढीव गुण मिळूं लागल्यापासून तर आम्हां शिक्षकांनीं त्याचा एक सोपा मार्ग शोधून काढला. मी मुलांकडून तीन आकृति पाठ करून घेत असें. डोक्यावर पाटी घेतलेली पाठमोरी स्त्री, कारण पाठमोऱ्या माणसाला तोंड काढावें लागत नाहीं. फेटा बांधलेला म्हातारा. आणि फुगा धरलेला मुलगा. विषय जत्रा असो कीं बाजार, हीं तिघें तेथें हजर. आमच्या शाळेचा निकाल वर्षानुवर्षें शंभर टक्के लागला. त्याबद्दल माझा सत्कारहि झाला.

वहींतला मजकूर असा आहे: 'सरावाच्या पेपरला विषय होता, सार्वजनिक नळ. मीं नळ काढला आणि घागरींची रांग काढली. सरांनीं विचारलें, माणसें कुठें आहेत? मी म्हणालों, कामाला गेलीं. आमच्या वस्तीवर नळाला पाणी आठवड्यांतून एकदां, तेंहि केव्हां येईल त्याचा नेम नाहीं. बायका पहाटे घागर रांगेंत ठेवून खुरपायला जातात. आमच्या घागरीच्या गळ्याला ओळखूं यावी म्हणून आईनें लाल चिंधी बांधली होती, ती मीं काढली होती. सर म्हणाले, माणसांशिवाय गुण मिळत नाहींत. त्यांनीं रबरानें रांग पुसली आणि तिथें तीन माणसें काढून दाखविलीं. परीक्षेंत मला अ श्रेणी मिळाली.' ह्याखालीं थोडी जागा सोडून: 'तेव्हांपासून कांहीं काढण्यापूर्वीं मी मनांत विचारतों, हें चालेल का?'

हें मला मुळींच आठवत नाहीं. फार विचार केला, तरी आठवलें नाहीं. ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट असली पाहिजे. वर्गांत पन्नास मुलें. अशीं किती रबरें मीं फिरविलीं असतील, देव जाणे. एखादा मोठा अपराध माणसाच्या लक्षांत राहतो. हा इतका लहान होता कीं, करतांना तो अपराध आहे हेंहि मला समजलें नाहीं. स्मरणचित्राच्या तासाला एका मुलानें खरोखरच स्मरणानें चित्र काढलें, आणि तेंच मीं पुसलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याच्या वस्तीवर गेलों. त्याला म्हटलें, "बाळ, माझें चुकलें." तो एवढा ओशाळला कीं, मलाच त्याची समजूत घालावी लागली. "नाहीं सर," तो म्हणाला, "तुम्हीं ती परीक्षा पास करवली नसती तर मी मुंबईला गेलोंच नसतों." हेंहि खरेंच आहे, आणि म्हणूनच ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं.

मग आम्ही घराच्या त्या चुन्याच्या भिंतीशीं बसून बराच वेळ बोललों. मीं त्याला सांगितलें, "कर्जाचें काय करावें, तें मी तुला सांगूं शकत नाहीं. तें तूं आणि तुझे वडील जाणोत. फ्लेक्सच्या दुकानांत कांहीं कमीपणा आहे असें मी मानीत नाहीं. पण नेमलेल्या कामाला कंटाळून तूं तेथें जात असशील तर फसशील. तेथेंहि काम नेमूनच देतील. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, फोटो एवढा मोठा, अक्षर एवढें ठळक. जन्मभर कोणी ना कोणी काम नेमून देणारच. त्या कामांत तुझा डोळा उघडा आहे कीं मिटलेला, एवढेंच तुझ्या हातांत आहे. अंडें काढतांना तो उघडा होता. छायाचित्रांवरून शंभर पुरीं केलींस तेव्हां मिटलेला होता. आणि विषय सांपडत नाहीं म्हणतोस, तर मीं पुसलेलें एक चित्र अजून अपुरें आहे."

तो हंसला, बोलला कांहीं नाहीं. पण दिवाळीनंतर तो परत गेला. वडिलांनीं सावकाराकडून आणखी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. त्यानेंहि मुंबईस संध्याकाळीं एका छापखान्यांत काम धरलें.

प्रकल्प त्यानें घागरींच्या रांगेचाच केला. लिनोलियमवर कोरून छापलेले एकोणीस ठसे. हा ठशाचा प्रकार त्याला दुसऱ्या वर्षीं नेमून दिलेला होता, आणि त्या वेळीं तो त्याला अगदीं नकोसा होता. कारण त्यांत एकदां कोरलेली रेघ पुसतां येत नाहीं. आतां तेंच त्याला हवें होतें. पहांटेच्या, दुपारच्या, रात्रींच्या घागरी; तांब्याची एखादी, बाकी स्टीलच्या आणि प्लास्टिकच्या. कोठें जागा राखण्यासाठीं नुसता एक दगड. माणूस एकाहि ठशांत नाहीं. पण प्रत्येक घागरीमागें कोण आहे, तें पाहणाऱ्याला कळल्याशिवाय राहत नाहीं. लाल रंग साऱ्या मालिकेंत एकाच ठिकाणीं आहे.

त्याला गुण बेताचेच मिळाले, हें मीं सांगितलें पाहिजे. परीक्षेच्या दिवशीं एका परीक्षकानें ते एकोणीस ठसे पाहून त्याला विचारलें, "ह्यांत माणसें कुठें आहेत?" त्यानें मला फोनवर ही हकीकत सांगितली, तेव्हां माझ्या छातींत धस्स झालें. "मग तूं काय म्हणालास?" मीं विचारलें.

"जें आठवींत म्हणालों होतों तेंच," तो म्हणाला. "कामाला गेलीं आहेत."

आतां तो त्याच छापखान्यांत दिवसभर नोकरी करतो आणि रविवारीं चित्रें काढतो. कर्ज अजून फिटलेलें नाहीं. पुढें तो नामांकित चित्रकार होईल कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं, आणि माझ्या सांगण्याचा मुद्दाहि तो नव्हे.

मुद्दा एवढाच कीं, शिकणाऱ्यानें नेमून दिलेल्या कामाला कमी लेखूं नये. त्यांत आपला जीव ओतला तर तें आपलेंच होतें, आणि आपलें काम करण्याची वेळ येईल तेव्हां तोच हात उपयोगीं पडतो. परंतु शिकविणाऱ्याची जबाबदारी ह्याहून मोठी आहे. श्रोत्यांत कोणी शिक्षक असतील, कोणी आईबाप असतील. एखादें मूल आपलें चित्र घेऊन तुमच्यापाशीं येईल. त्यांत माणसें नसतील, आभाळ हिरवें असेल, घराला दार नसेल. तेव्हां हातांत रबर घेण्याआधीं त्याला एक प्रश्न विचारा: "तूं काय पाहिलेंस?" आणि तें सांगूं लागलें, तर तें संपेपर्यंत ऐका. मला हा प्रश्न सुचावयास नोकरी संपून सात वर्षें जावीं लागलीं. तुम्हांस इतका उशीर न होवो.